बोडक्या डोक्यानं राजुरीत

पुण्याहून टांग्यात बसलो तेव्हा माझ्या डोक्यावर नवंकोरं लाल पागोटं होतं आणि अंगावर एक नाजूक कामगिरी होती. राजुरीच्या गोदीच्या मनात काय आहे, ते काढून आणायचं होतं.

गोदी म्हणजे माझा मित्र सखाराम याच्या गावची, त्याच्या शेजारच्या घरातली मुलगी. सखाराम आणि मी कॉलेजात शिकतो, एकाच खोलीत राहतो. वर्षभर आमच्या खोलीत एकाच गोष्टीचा खल चालला होता. गावच्या सगळ्या पोरांना गोदी ‘दादा’ म्हणते, सखारामला मात्र सरळ ‘सख्या’ म्हणून हाक मारते. ही जवळीक समजायची की चेष्टा? शेजारच्या खोलीतला जोशी म्हणे, "अरे, ती तुला माणसांतच धरत नाही!" त्यावर सखाराम दोन घास कमी जेवायचा. गोदीच्या आईच्या आजारपणात तिचं लग्न लांबलं होतं, ती अठराची झाली होती, आणि आता ओतूरची मंडळी तिला पाहायला येणार असं कळलं. सखारामची परीक्षा तोंडावर आलेली आणि विचारायचा धीर तर मुळातच नव्हता. म्हणून मी निघालो.

मंचरला घोडे बदलले. तिथल्या दुकानदारानं भाकरी आणि ठेचा दिला, पण दिला तो लांबूनच.

"पुन्यात गाठीचा ताप लई हाय म्हनं?"

"प्लेग आहे, पण आमच्या पेठेत नाही," मी म्हणालो. त्यानं हात आणखीच आखडला.

नारायणगावला टांगा सोडून बैलगाडी केली. मागं शिवनेरीचा डोंगर, दोन्ही अंगांना हरभऱ्याची हिरवी रानं. येडगावच्या बाजूनं कुकडी ओलांडताना पाण्यात वाकून तोंड धुवावं म्हटलं, तर पागोटं सुटून धारेला लागलं. ते अडवायला उपरणं फेकलं, तेही त्याच्यामागून गेलं. गाडीवान पोट धरून हसला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "पावणं, गावात शिरताना डोक्याला कायतरी गुंडाळा बरं का."

मला वाटलं, उन्हाचं सांगतोय. थंडीचे दिवस, ऊन गोड लागत होतं. शिवेवर त्यानं मला उतरवलं आणि आपल्या वाटेनं गेला.

सखारामची आई अंगणात ज्वारी पाखडत होती. मागं एकदा पुण्याला आली होती, तेव्हापासून मला ओळखत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि सूप हातातून पडलं.

"बोडका आला गं! माझ्या सख्याचा सोबती बोडका आला!"

मी ‘मावशी’ म्हणेपर्यंत तिनं ऊर बडवायला सुरुवात केली. आळीतल्या बायका धावल्या. "गाठीच्या तापानं गेलं पोर!" कुणीतरी ओरडलं. मी जीव तोडून सांगत होतो, पण त्या आकांतात ऐकतो कोण?

तेवढ्यात शेजारच्या घरातून एक मुलगी धावत आली. हात पिठानं भरलेले. ती रडली नाही, बोलली नाही. सखारामच्या दाराच्या चौकटीपाशी गेली आणि दोन्ही मनगटं तिनं चौकटीवर आपटली. खळ्ळकन बांगड्या फुटल्या. पुन्हा आपटली.

सगळा आकांत थांबला. नवरा मेल्यावर बाई करते, ते लग्न न झालेल्या पोरीनं भर आळीत केलं होतं.

"सखाराम जिवंत आहे!" त्या शांततेत माझाच आवाज मला परका वाटला. "धडधाकट आहे! माझं पागोटं नदीत गेलं हो!"

"आवं, मढ्याचा सांगावा आननारा मानूस असा बोडका येतो!" एक म्हातारा माझ्यावर खेकसला. सखारामची आई हसायलाच लागली, आणि हसता हसता पुन्हा रडली. गोदीनं मात्र आपल्या हातांकडं पाहिलं, मग जमलेल्या माणसांकडं, आणि तोंड झाकून ती चौकटीपाशीच खाली बसली. मनगटांतून रक्त येत होतं. तिचे वडील, नाना, गर्दीत उभे होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ही गोष्ट संध्याकाळपर्यंत ओतूरला पोचणार होती. मग या पोरीला कोण पदरात घेणार?

सखारामच्या आईनं डोळे पुसले. "नाना, माझ्या दारात फुटल्या, आता माझ्याच दारात भरायच्या. तुमी न्हाई म्हनू नका."

नानांनी डोक्याचं मुंडासं सोडून माझ्या हातात दिलं. "हे बांधा आधी," ते म्हणाले, "आन मनेराला बोलवा कुनीतरी."

मणेर (बांगड्या भरणारे) चाचा जुन्नरहून बाजाराला आलेच होते. गोदीच्या मनगटांना हळद लावलेली पाहून त्यांनी विचारलं, "कंच्या रंगाच्या भरू?"

"हिरव्या," सखारामची आई म्हणाली. "चुडा भरा."

त्या दिवशी मी मासवडी (तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेली बेसनाची वडी) खाल्ली, पण चव काही कळली नाही. परतीच्या टांग्यातही माझ्या कानांत तो खळ्ळ आवाज होता. वर्षभर आम्ही शहाणी मुलं एका हाकेचा कीस पाडत बसलो होतो, आणि तिकडं एक मुलगी केव्हाच ठरवून मोकळी झाली होती! मला तिचा आदर वाटला, आणि तिची थोडी भीतीही वाटली.

पुण्यात सखाराम खोलीच्या दारातच उभा होता. माझ्या डोक्यावरच्या मुंडाशाकडं त्याचं लक्षसुद्धा गेलं नाही.

"भेटली? माझं नाव काढलं तिनं?"

"नाही काढलं."

त्याचा चेहरा उतरला.

"आणि आता," मी म्हणालो, "उखाण्याशिवाय जन्मात काढायची नाही."