गाऱ्हाण्याला होय कोणी म्हणायचं

नाटकाची जाहिरात मी एसटी स्टँडसमोरच्या भिंतीवर पाहिली आणि तिथेच माझं डोकं फिरलं. नाटक मंडळी महाडात येणार हे मुलीने घरी कळवलं होतं, पण आईला. मला नाही. दोन वर्षांपूर्वी बँकेतली नोकरी सोडून ती संगीत नाटकात गेली, तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. आयुष्यभर प्राथमिक शाळेत मास्तरकी केली, पोर ऐकत नाही म्हणजे काय ते मला ठाऊकच नव्हतं. मी परवानगी दिली नाही, आणि तिने पुन्हा मागितली नाही. फोन आला की आईशी बोले, माझ्या तब्येतीची चौकशीही आईकडेच करी.

"राणीचं काम करणाऱ्या बाई आजारी पडल्यात," बायको म्हणाली. "म्हणून इथला प्रयोग हिला दिलाय. जमला तर पुढचा सगळा दौरा हिचा. नाही जमला तर परत मागे उभं राहून गायचं. तुम्हाला यायचं असेल तर या, पण कपाळाला आठ्या घालून पहिल्या रांगेत बसू नका. तुम्हाला पाहिलं की तिचा घसा सुकतो."

हे मला लागलं. पण खोटं नव्हतं. तिसरीत असताना स्नेहसंमेलनात ती गाण्याच्या मधेच थांबली होती, आणि समोर मी बसलो होतो.

प्रयोगाच्या दिवशी मी थिएटरात पाचव्या रांगेत, कडेची खुर्ची धरली. महाडच्या पुरानंतर बसवलेल्या नव्या खुर्च्या अजून करकरत नव्हत्या. माझ्यामागच्या दोन रांगा आमच्या गावाने अडवल्या होत्या. आमचं गाव पोलादपूरच्या वर, डोंगरात. माझे थोरले भाऊ, दादा, तिथेच शेती करतात. पोरीचं नाटक म्हटल्यावर त्यांनी टेम्पो भरून माणसं आणली. त्यातली निम्मी माझ्या हाताखाली शिकलेली, उरलेली भाऊबंद. डबे, पिशव्या, एक तान्हं मूल, सगळं बरोबर. दादांनी टोपी सारखी केली आणि मला विचारलं, "पडद्याआधी नारळ फोडत नाय काय?"

"आत फोडला असेल. आता गप्प बसा," मी म्हणालो.

पहिला अंक मी पाहिला असं म्हणता येणार नाही. तिच्या प्रत्येक वाक्याआधी मी श्वास धरत होतो आणि वाक्य संपलं की सोडत होतो. ती बरी गात होती. बरी कसली, चांगलीच गात होती, पण हे कबूल करायला मला मध्यंतरापर्यंत वेळ लागला. मध्यंतरात बायकोने वडा पुढे केला, मी नको म्हटलं. तिने तो मागे दादांना दिला.

दुसऱ्या अंकात राज्यावर संकट येतं. राणी एकटी देवीच्या देवळात जाते, पदर पसरते आणि चार मागणी मागते. प्रत्येक मागण्यानंतर जराशी शांतता, आणि चौथ्यानंतर पद. साऱ्या नाटकातली अवघड जागा ती हीच, असं बायकोने मला आधीच सांगून ठेवलं होतं.

मुलगी पुढे आली. पदर पसरला. "आई, या राज्यावर आलेलं अरिष्ट टळू दे."

आणि माझ्या मागून, दोन रांगांनी, एका आवाजात म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात तेव्हा एक जण मागणं सांगतो आणि बाकी सगळ्यांनी प्रत्येक मागण्याला असं होय म्हणायचं असतं. लहानपणापासून ते तोंडात बसलेलं. समोर देवी, समोर पदर पसरलेली घरची लेक. ही माणसं गप्प राहणार कशी? पण थिएटर म्हणजे देऊळ नव्हे. सगळं सभागृह हसलं. पुढच्या रांगेतला एक पोरगेला इसम तर मागे वळून मोबाइल काढू लागला.

माझ्या कानशिलात रक्त चढलं. मी वळलो आणि वर्गात वापरायचो त्या आवाजात, पण दबक्या, म्हणालो, "खबरदार कोणी तोंड उघडलंत तर."

माझे जुने विद्यार्थी एकदम ताठ बसले. दादा मात्र माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "गाऱ्हाणा घातलान ना तिनं? व्हय कोन बोलला नाय तर देवीला पोचायचा कसा?"

"ते खोटं आहे, दादा. नाटक आहे."

"पोर तर आपलीच हाय."

तोवर हसू ओसरलं होतं. मुलगी हललेली नव्हती. तिने दुसरं मागणं सांगितलं. "आई, रणात गेलेली लेकरं सुखरूप घरी येऊ देत."

आणि ती थांबली.

आता मागून चकार शब्द नाही. मीच दम दिला होता. तिसरं मागणं येईना. पेटीवाल्याची बोटं पट्ट्यांवर तशीच राहिली. मुलगी आमच्या दिशेला बघत होती. माझ्या लक्षात आलं, ती वाट बघतेय. गावाने एकदा उत्तर दिलं, ते तिने नाटकात घेतलं, आणि आता ती उत्तरासाठी थांबलीय. आणि गाव माझ्यामुळे मुकं बसलंय.

मी उभा राहिलो की काय ते आठवत नाही. बायको म्हणते, राहिलात. आवाज चिरकला, पण मी म्हणालो, "व्हय म्हाराजा."

मग गावाला कोण अडवतो? सगळ्यांनी उचललं. तिच्या चेहऱ्यावर रंग परतला आणि तिसरं मागणं खणखणीत आलं. चौथ्याला सभागृहातली शहरी माणसंही होय म्हणत होती, तो मोबाइलवालाही. त्यावर तिने पद असं उचललं की लोकांनी ते दुसऱ्यांदा म्हणायला लावलं. मी खुर्चीला टेकलो, आणि सुटलो रे बाबा, असं मनात दहा वेळा म्हटलं.

प्रयोग संपल्यावर आम्ही रंगपटाच्या दाराशी गेलो. दादा कोणाला तरी सांगत होते की देवीपर्यंत बरोबर पोचलंय. दिग्दर्शक बाहेर आले, मला नमस्कार करून म्हणाले, "पुढचे सगळे प्रयोग तीच करील. आणि ती थांबण्याची जागा आम्ही तशीच ठेवणार आहोत. काय सुचलं पोरीला."

मुलगी अर्धा रंग पुसून आली. दोन वर्षांनी माझ्यासमोर उभी. मी म्हणालो, "छान थांबलीस. धीराची आहेस."

तिने दिग्दर्शक लांब गेल्याची खात्री केली, माझ्या बाहीला धरलं आणि हळूच म्हणाली, "बाबा, मी थांबले नव्हते. सगळे हसले आणि माझं तिसरं वाक्य पार गेलं. डोकं कोरं. काहीच आठवेना. तुमचा आवाज ऐकला, मग आठवलं."