मंगळवारची गॅलरी

करी रोडच्या आमच्या चाळीत गॅलरी धुवायला घरटी एकेक वार ठरलेला. त्यावरून बायका तोंडाला तोंड देतात, पण आपला वार कोणी चुकवत नाही.

शेजारची वहिनी नवऱ्याचा मार खायची. आख्ख्या मजल्याला माहीत होतं. आरडाओरडा सुरू झाला की लोक टीव्हीचा आवाज वाढवायचे. नवरा-बायकोचं आपण काय बघायचं म्हणे! त्या संध्याकाळी त्याने तिला केसांना धरून गॅलरीत ओढलं, कठड्यावर डोकं आपटलं, परत आत नेलं आणि गळा आवळला. तिच्या हाताला वरवंटा लागला. तो जागीच गेला.

मी कामावरून आले तेव्हा पोलीस यायचे होते. वहिनी दारात बसलेली, कपाळ फुटलेलं. आणि गॅलरी ओली, स्वच्छ. माझ्या आईने लादी, कठडा, सगळं खराट्याने घासून काढलं होतं.

"अगं, काय केलंस हे?"

"दिवेलागणीक दारात रगात कसा ठेवू गो?" म्हणाली आणि दिवा लावायला आत गेली.

कोर्टात सरकारी वकील म्हणाले, गॅलरीत रक्ताचा डाग नाही. बाईने नवऱ्याला मारलं आणि मागाहून स्वतःचं डोकं फोडून घेतलं. आईने पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं, रक्त होतं, मी धुतलं. पण शेजारीण ती, बाजू घेणारच, असं ठरलं. वहिनीला जन्मठेप झाली.

आई खचली. जेवताजेवता घास खाली ठेवायची. "माझ्या हातान झाला गो." मला तिची दया यायची आणि संतापही यायचा. इतकी वर्षं तो मारत होता, तेव्हा एक तरी दार उघडलं का कोणी? मेल्यांनो, तेव्हा कुठे गेली होती तुमची बादली!

शेवटी मी आईला तुरुंगात भेटीला नेलं. माफी मागायची म्हणून वाटभर घोकत आली होती. काचेपलीकडे वहिनी आली. निम्मी झालेली. आईने फोन कानाला लावला आणि तिला नुसतं रडूच फुटलं.

वहिनीच बोलली. मला बाजूला उभं राहूनही ऐकू आलं.

"काकू, रडू नका हो. त्या दिवशी मंगळवार, गॅलरीचा वार माझा होता. तुम्हाला धुवावी लागली."