शून्यावर वितळलेल्या गप्पा

इन्सब्रुकच्या आमच्या संस्थेत, तळघरात, दोन सूक्ष्मदर्शकं होती. एकाखालचं पितळी टेबल तापायचं, तिथे मी बसायचे. दुसऱ्याखालचं गारठायचं, तिथे बुर्गी. औषधाचा कण नाहीतर तेलाचा थेंब दोन काचांमध्ये धरायचा, डोळा लावायचा आणि तो कितीवर वितळतो ते सांगायचं, एवढंच काम. झेन्झीचा स्वभाव बघूनच तिला गरम टेबल दिलं, असं लोक माझ्यामागे म्हणायचे. म्हणू देत मेले.

पण बुर्गीला थंड टेबल ज्याने दिलं ना, त्याला माझा कोपरापासून नमस्कार! त्या टेबलाची अट एकच: तोंड बंद. उणे चाळीसवर गारठलेल्या काचेवर माणसाचा श्वास पडला की तिथल्या तिथे त्याचं हिम होतं. आणि बुर्गी? श्टुबाईच्या खोऱ्यातून येणाऱ्या सकाळच्या ट्राममधून ती उतरायचीच मुळी वाक्याच्या मध्यावर. शेजारणीची गाय काय, पाद्रीबुवांची नवी सायकल काय, तोंडाचा पट्टा सुरूच.

"अगं, जरा थांब की," मी ओरडायचे.

"इथे नको बोलू तर कुठे बोलू गं झेन्झी?" ती म्हणायची. "नवरा गेला, पोरबाळ नाही. घरी भिंतीशी बोलू? ती निदान 'हं' तरी म्हणते का?"

मग मी आपली माझ्या गरम टेबलाकडे वळायचे.

तर एका आठवड्यात डॉक्टर एगर, आमचे साहेब, आनंदाने अगदी वेडे झाले. डोंगरातल्या तीन निरनिराळ्या वनस्पतींची तेलं त्यांनी बुर्गीकडे दिली होती आणि तिन्ही वितळली ती बरोब्बर शून्यावर! "काय हे निसर्गाचं गूढ!" असं म्हणत त्यांनी सगळ्यांना सफरचंदाचा श्ट्रुडेल खिलवला. ग्राझच्या सभेत यावर भाषण ठोकायचंही ठरलं.

तेवढ्यात विन्झेन्झ स्क्रू आवळायला आला. हा आमचा मेकॅनिक. दिवसाला तीन शब्द, तेही पगारी सुट्टी नसेल तर. त्याने सहज डोळा लावला, सूक्ष्मदर्शकाची नळी केसभर वर घेतली आणि म्हणाला, "हिम. वरच्या काचेवर."

मी कपाळावर हात मारला. हिम शून्यावर वितळतं हो! डॉक्टरांनी तीन दिवस मोजलं ते तेल नव्हतंच. सोमवारी शेजारणीची गाय वितळली होती, मंगळवारी पाद्रीबुवांची सायकल आणि बुधवारी बुर्गीच्या नणंदेचं दुसरं लग्न.

आम्ही पोट धरून हसलो. डॉक्टर नाही हसले. श्ट्रुडेलचा उरलेला तुकडा खाली ठेवून ते म्हणाले, "बुर्गीबाई, पुन्हा हिम दिसलं तर तुम्ही माळ्यावर. वाळलेली मुळं निवडायला."

माळ्यावर दुसरं माणूस नव्हतं. फक्त मुळं. बुर्गीचा चेहरा पांढराफटक पडला.

दुसऱ्या दिवसापासून ती नवऱ्याचा लोकरी मफलर तोंडाला बांधून बसू लागली. मला वाटलं, चला, कान सुटले. कसलं काय! दुपारपर्यंत माझीच चिडचिड व्हायला लागली. त्या गायीचं पुढे काय झालं, ते कळेना. बुर्गी तर डोळ्यांदेखत सुकत चालली. आणि इतकं करून फायदा शून्य, मफलर ओला होऊन वाफ कडेने निसटली आणि काचेवर पुन्हा हिम.

"सोमवारी माळा," डॉक्टर म्हणाले.

सोमवारी बुर्गी तिचा डबा आणि चपला पिशवीत भरत होती, तेव्हा विन्झेन्झ आला. हातात पितळेचं कडं, वर काच, बाजूला नळी. नळीत पाणी शोषणारं मीठ आणि टोकाला रबरी फुगा, न्हाव्याकडच्या अत्तराच्या बाटलीला असतो तसा. कडं त्याने टेबलावर चढवलं, स्टूल ओढून बसला आणि फुगा दाबू लागला. कोरडी हवा काचेवरून सुस्कारत गेली.

"बोला," तो म्हणाला.

"काय बोलू?" आयुष्यात पहिल्यांदाच बुर्गीला हा प्रश्न पडला.

"गाय."

मग काय विचारता! गाय शेजारच्या डोंगरावरच्या कुरणात कशी गेली, तिला आणायला कोण गेलं आणि तोच कसा हरवला. विन्झेन्झ फुगा दाबतोय, बुर्गी डोळा लावून बोलतेय, डॉक्टर मागे उभे. काच स्वच्छ. तेल उणे सतरावर वितळलं. डॉक्टरांनी निमूट मान हलवली आणि माळा टळला.

पण फुगा सोडला की हिम. म्हणजे प्रत्येक थेंबाला अर्धा तास विन्झेन्झने शेजारी बसायलाच हवं. वर्षानुवर्षं हे चाललं. डॉक्टरांचे केस पिकले, तरी दर हिवाळ्यात कुरकुरायचे, "अहो विन्झेन्झ, मेकॅनिकने फुगा काय दाबत बसायचं? एखादा छोटा पंप लावा ना!"

"बसत नाही," विन्झेन्झ म्हणायचा. ज्याने चर्चचं बंद पडलेलं घड्याळ चालू केलं, त्याला म्हणे पंप बसत नाही!

एका हिवाळ्यात तो तापाने पडला आणि नेमका फुगा फाटला. दुसरा शोधायला मी आणि बुर्गी त्याच्या कामाच्या खोलीत गेलो. खणाच्या तळाशी जुन्या वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळलेलं. वर्तमानपत्र कुठलं, तर ते पितळी कडं बनलं त्याच वर्षीचं. आत मोटरचा छोटासा पंप, तसल्याच पितळेचा.

बुर्गीने तो आणून नळीला लावला. अगदी चपखल बसला. बटण दाबलं, हवा सुरू झाली. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग त्या वर्तमानपत्रावरच्या तारखेकडे.

"काही सापडलं का?" दारातून डॉक्टरांनी विचारलं.

बुर्गीने पंप काढला, नीट गुंडाळला. "पंप आहे हो एक डॉक्टर," ती म्हणाली, "पण नाही बसत."

आणि तो जिथे होता तिथेच नेऊन ठेवला.

पुढच्या आठवड्यात विन्झेन्झ गळ्याला मफलर गुंडाळून, खोकत आला. स्टूल ओढलं, नवा फुगा हातात घेतला.

"नणंदेचं अर्धं राहिलंय," तो म्हणाला.