सात वाजता साहेब घरी असतात

ग्रेसी भांडकुदळ आहे असं सगळा गाव म्हणतो, आणि गाव खोटं बोलत नाही. माणिकपूरच्या नाक्यावर रिक्षावाल्याने जादा भाडं सांगितलं की ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. पण उगीच कुणाच्या वाटेला जात नाही. आणि या खेपेला तिच्या रागाला कारण चांगलंच होतं.

माणिकपूरलाच एका ऑफिसात बसून ती फोनवर हजेरीची मशीनं विकते. गिऱ्हाईक म्हणजे कंपन्यांचे मोठे साहेब. साहेब दिवसभर मीटिंगमध्ये, आणि सेक्रेटरी कुणाला दाद देत नाही. म्हणून सेक्रेटरी यायच्या आधी सकाळी, नाहीतर ती घरी गेल्यावर थेट साहेबांच्या मोबाइलवर गाठायचं. ग्रेसीचा यात हातखंडा. दिवाळीनंतर तिला कायम करणार होते आणि ते मॅनेजर संकेतच्या हातात होतं.

एकदा चहा पिताना संकेत कुरकुरला, "वसईच्या गावांतले साहेब काही केल्या भेटत नाहीत, यार."

ग्रेसी हसून बोलून गेली, "सर, ऑक्टोबर आम्हा ख्रिस्ती लोकांचा जपमाळेचा महिना. सात वाजता साहेब असो नाहीतर माळी, घरात गुडघ्यांवर असतो."

कौतुकाने बोलली हो! पण ऐकणाऱ्याची नियत कोण बघतो? दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या बोर्डावर मोठ्या अक्षरांत होतं: वसईची गावं, संध्याकाळी सात.

"सर, ती प्रार्थनेची वेळ आहे," ग्रेसी तडकली.

"मग? फोन उचलायचा की नाही हे त्यांचं आहे. आपण टायमिंग साधायचं," संकेत म्हणाला आणि पहिला नंबर तिच्याच पुढ्यात टाकला. तिच्याच आळीतल्या स्टॅनी अंकलचा. ते मोठ्या कारखान्याचे डायरेक्टर. दिवाळी डोळ्यांसमोर होती. तिने दात-ओठ खात फोन लावला.

स्टॅनी अंकलनी लगेच उचलला. दुबईच्या लेकीचा असेल असं वाटलं असणार. मागे माळ चालू होती. आळीत रोज एकेका घरी माळ असते, आणि ती सांगते ग्रेसीची आई, क्लारा. आज ती अंकलकडे होती. आईचा तो ओळखीचा आवाज नमो मरियाच्या प्रार्थनेत मध्येच थांबला.

"सर, हजेरीच्या मशीनबद्दल..."

"ग्रेसी? अगं, तुझी आई माळ सांगतेय इथे!"

तिने फोन कापला.  स्वतःचा राग आला, आणि त्याच्या दुप्पट संकेतचा.

आई घरी आली. दोघींना वाढलं, जेवली, झोपली. पण दुसऱ्या संध्याकाळी माळेला निघाली नाही. ओट्यावर बसून राहिली. "कुठल्या तोंडाने जाऊ?" एवढंच म्हणाली. इतक्या वर्षांत ती तापातसुद्धा माळेला चुकली नव्हती.

ग्रेसीने त्या दिवशी रजा टाकली होती. नवरात्र चालू होतं. मनवेलपाड्याला संकेतच्या घरी घट बसतात आणि सातला आरती असते, हे त्यानेच ऑफिसभर सांगून सगळ्यांना प्रसादाला बोलावलं होतं. तिने आईच्या देखत फोन लावला. ग्रेसीचं नाव बघून संकेतने उचलला, स्टॅनी अंकलचा सौदा पटला असणार म्हणून. मागे टाळ्या, घंटा.

"सर, हजेरीचं मशीन घेणार का?"

"वेड लागलंय का? आरती चालू आहे! अक्कल आहे की नाही?"

"फोन उचलायचा की नाही हे तुमचं होतं, सर."

पलीकडे आरतीचं पुढचं कडवं सुरू झालं. 

"माझी नोकरी काढा नाहीतर ठेवा. पण बोर्डावरची सातची वेळ उद्या पुसली नाही, तर मी दसऱ्यापर्यंत रोज याच वेळेला फोन करीन. तुम्ही नाही उचलला तर वहिनींना."

फोन ठेवून तिने खुंटीवरची माळ काढली आणि आईच्या हातात दिली.

"ऊठ. आळीतले सगळे माळेला थांबलेत तुझ्यासाठी. आणि अंकलची माफी मी मागते, तू नाही."