मंगळवारी मावळणारा सूर्य

ज्या वर्षी मी आइसलंडात राहिले, त्या वर्षी मी कर्जत-पळसदरीबाहेर एकदाच पाऊल टाकलं, आणि तेही खोपोलीला, चुलतसासऱ्यांच्या श्राद्धाला. बाकी सारं वर्ष मुलींची शाळा, स्टेशनाजवळच्या आमच्या दोन खोल्या आणि दूधवालीची पत्रं. तरी आजही कुणी विचारलं, 'परदेश पाहिलात का हो?' तर माझ्या तोंडाशी 'हो' येतं आणि मी ते गिळते. त्या बेटावरचा हिवाळा मला शेजारच्या भिवपुरीपेक्षा जास्त ठाऊक आहे.

लढाई चालू होती. मी तेवीस वर्षांची, व्हर्नाक्युलर फायनल पास, शाळेत भूगोल शिकवणारी आणि भयंकर शहाणी. शहाणी म्हणजे मला सगळं येत होतं, आणि येतं ते समोरच्याला सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागत नव्हतं. आमचे हे रेल्वेत बुकिंग क्लार्क. ते माझ्याशी वाद घालत नसत; ड्यूटी आहे म्हणून टोपी घालून निघून जात.

दूधवाली पळसदरीहून यायची. माझ्याच वयाची, काळीसावळी, चालताना मान जराही न हलवणारी. घरी सासू-सासरे, दोन म्हशी, भाताची थोडी खाचरं. नवरा आधी मुंबईला गोदीत होता, मग आगबोटीवर आगवाला म्हणून लागला. बॉयलरपुढं उभं राहून कोळसा मारायचा तो आगवाला. लढाई पेटली आणि बोट त्याला घेऊन गेली ती गेलीच. हिला अक्षरओळख नव्हती, म्हणून त्याची पत्रं माझ्या शाळेच्या पत्त्यावर येत आणि दूध मापून झालं की मी ती वाचून दाखवी.

पहिल्याच पत्रात शेवटी लिहिलं होतं, 'सोमवार पाळतो. तू पण पाळ.' मी विचारलं, हे काय गं? ती आधी नुसतीच हसली. मग पदराचं टोक पिळत म्हणाली, "जाताना ठेसनावर बोलले त्ये. दोघांनी सोमवार धरायचा. दिवस मावळला की त्यांनी तिकडं घास घ्यायचा, मी हिकडं. सूर्व्या काय दोन हायेत बाई? एकच हाय. म्हंजी संगं जेवल्यावानीच की."

तिच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि ती दोघं एकदाही एकत्र जेवली नव्हती. त्यात नवल काही नाही. त्यांच्याकडं आधी सासरा आणि नवरा, मग सासू, मग उरलंसुरलं घेऊन ही चुलीपाशी. आमच्याकडं तरी काय वेगळं होतं! पण आता दर सोमवारी ती अंगणात उभी राहून इर्शाळच्या सुळक्याकडं बघायची. सूर्य त्याच्या मागं गेला की आत येऊन भाताचा पहिला घास घ्यायची. पावसाळ्यात सूर्याचं तोंड आठ-आठ दिवस दिसत नाही. तेव्हा कोंबड्या खुराड्यात शिरल्या की मावळला असं धरायचं. ती हे सांगे तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असं काही सुख असे, की मला तिचा हेवा वाटे. मी खोटं कशाला बोलू?

मग एका पत्रात कळलं की बोटीवर वाफेनं त्याचा पाय भाजला. बोटीनं त्याला एका बंदरात उतरवलं, आणि जखम भरेपर्यंत तिथल्याच कोळशाच्या वखारीत कामाला लावलं. बंदराचं नाव, देशाचं नाव, सगळं सेन्सॉरनं काळ्या शाईनं झाकलेलं. पण शाई फासणारी ती माणसं काही भूगोल शिकलेली नव्हती. 'इथं झाड नाही. डोंगर काळे. जमिनीतून आपोआप कढत पाणी येतं, बायका त्यात कपडे धुतात. घोडे वासराएवढे. पावसाळा संपल्यावर सगळा गाव डोंगरावर गेला आणि मेंढरं खाली हाकून आणली, मग कानावरची खूण बघून ज्याची त्याला वाटली.' मी शाळेचा नकाशा चुलीपुढं पसरला आणि दहा मिनिटांत बोट ठेवलं. आइसलंड! मला एवढा आनंद झाला, की त्याचा पाय भाजलाय हे मी विसरलेच.

तिला मात्र कढत पाण्याचंच कौतुक. "आपल्या उन्हेऱ्याच्या कुंडावानी की वो! म्हंजी देव हाय तितं." पालीजवळच्या त्या कुंडात तिच्या सासूनं खरजेसाठी नवस केला होता. तेवढ्यावर तिनं तो देश आपलासा करून टाकला.

थंडीच्या दिवसांतलं पत्र आलं ते आमच्याकडं आंब्याला कैऱ्या धरल्यावर. त्यात होतं, 'आता इथं अकराला उजाडतं आणि अडीच-तीनला दिवस मावळतो. रात्री कधीकधी आभाळात हिरवा उजेड हलतो, पहिल्यांदा मी घाबरलो. सोमवारची मात्र चैन आहे. तीनलाच जेवतो.'

मी हसत वाचलं. ती हसली नाही. मापटं खाली ठेवून म्हणाली, "बाई, तीनला आपल्याकडं चांगलं ऊन असतंय. मंग त्ये माझ्यासंगं कसे जेवले?"

मी तिथंच गप्प बसायला हवं होतं. 'असतं गं काहीतरी परदेशात' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मला भूगोल येत होता ना! मी भर सकाळी दार लोटून खोलीत अंधार केला, कंदील पेटवला, देव्हाऱ्यातला नारळ घेतला. एका बाजूला कुंकवाचा ठिपका लावला, ही पळसदरी. दुसऱ्या बाजूला वरच्या अंगाला हळदीचा, तो तिथं. नारळ कंदिलापुढं हळूहळू फिरवला. हे बघ, तुझा ठिपका अंधारात शिरतोय, आणि त्याचा अजून उजेडात आहे. तू जेवतेस तेव्हा त्याच्याकडं उजाडून तासभर झालेला असतो, तो कोळसा उपसत असतो. आणि तो जेवतो तेव्हा तू झोपलेली असतेस. कळलं?

तिला कळलं. माझ्या वर्गातल्या एकाही मुलीला इतक्या लवकर कळलं नव्हतं. तिनं नारळाकडं बघत विचारलं, "म्हंजी आमी कदीच संगं जेवलो नाय?"

"नाही," मी म्हटलं. आणि देवा, मी ते जरा ऐटीतच म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून दूध घेऊन तिचा सासरा यायला लागला. बरी नाही म्हणाला, मग भाताची कामं म्हणाला. महिना गेला, दोन गेले. मी घरात चिडचिड करी. एकदा जेवताना यांना म्हटलं, "मी काय चूक सांगितलं? तिनं विचारलं, मी उत्तर दिलं."

हे भात कालवत म्हणाले, "उत्तर बरोबरच होतं. पण ते तिला हवं होतं की तुला द्यायचं होतं?" आणि उठून ड्यूटीवर गेले. त्यांचं हे एक होतं, वर्षाकाठी एकदाच बोलायचे पण असं.

गणपती होऊन गेले आणि पुढचं पत्र आलं. सासऱ्याच्या हाती द्यायचा मला धीर झाला नाही, कारण मी ते फोडून वाचलं होतं. शाळा सुटल्यावर छत्री घेऊन मी रुळाच्या कडेनं पळसदरीला निघाले. ती खाचरात वाकून गवत काढत होती. मला बघून बांधावर आली, पण 'या बाई' म्हणाली नाही. मी उभ्याउभ्याच वाचायला लागले.

'इथं आता उन्हाळा. दिवे लागतच नाहीत. रात्री दहाला ऊन, अकराला ऊन. सूर्य डोंगरावर टेकतो तो बारा वाजून गेल्यावर, आणि पोटभर झोप होत नाही तोवर परत वर. म्हणजे सोमवारचा सूर्य मंगळवारी मावळतो. मग सोमवार संपला कधी म्हणायचा? पहाटेपासून तसाच कोळसा वाहतो. मागच्या सोमवारी चक्कर येऊन पाटीसकट पडलो, पायाची जखम उघडली. डॉक्टर रागावला. पण तुला शब्द दिला आहे. मावळल्याशिवाय जेवणार नाही. काय करावं ते बाईंना विचारून कळव, त्यांना सगळं येतं. परवा इथल्या लोकांनी आपलं स्वतःचं राज्य केलं. पाऊस पडत होता तरी सगळे माळावर उभे होते, म्हातारीकोतारीसुद्धा. मला आपल्या गावाची फार आठवण आली.'

'त्यांना सगळं येतं' हे मी भरभर वाचून टाकलं. मी म्हटलं, "त्याला लिहू या, की उपास सोडून दे. देव काही रागवायचा नाही."

"सोडतील व्हय त्ये?" ती म्हणाली. "तुमाला नाय म्हाईत. मरतील पन सोडायचे नाईत." आणि बांधावर फतकल मारून बसली. "माझा बी घास उतरत नाय बाई, तुमी त्यो नारळ दाखवल्यापून. पन मी सोमवार मोडला नाय."

मी तिच्याशेजारी चिखलात बसले. माझं लुगडं नवं होतं, पण असू दे म्हटलं. मी तिला म्हटलं की माझं चुकलं. असं मी आयुष्यात फार थोड्या वेळा म्हटलंय.

समोर सगळा ढगच ढग होता. इर्शाळ नाही, आभाळ नाही. तिनं मान वर केली. "आता कुटं दिसतोय सूर्व्या? पंधरा दिस नाय दिसला. म्हनून आमी उपाशी ऱ्हायलो काय? कोंबड्यांवर सोडलाच ना?" मग माझा दंड घट्ट धरून म्हणाली, "त्यांना लिवा, तितला मावळत नाय तर नको मावळू दे. हितला मावळतोय. माझ्या सूर्व्यावर सोडा म्हनावं. मी मावळला म्हनंन तवा मावळला."

एवढा नकाशा, एवढा कंदील, आणि मला हे सुचलं नव्हतं!

मग माझं काम सुरू झालं, आणि या वेळी ते खरंच कुणाच्या तरी उपयोगाचं होतं. त्याच रात्री मी रेखांश मोजले. पंच्याण्णव अंश, अंशाला चार मिनिटं. इकडं दिवस मावळतो तेव्हा तिकडं बरोबर मध्यान्ह असते, सूर्य सर्वांत उंच. पण त्यांची घड्याळं कशी लावली आहेत ते मला ठाऊक नव्हतं. लढाईत आमच्याच स्टेशनच्या घड्याळानं दोनदा वेळ बदलली होती. म्हणून मी लिहिलं, 'घड्याळ बघू नका. वखारीबाहेर उन्हात उभे राहा. सावली सर्वांत आखूड झाली की इकडे पळसदरीला दिवस मावळला असं समजा, आणि घास घ्या. त्याच वेळी ती घेईल. हे मी भूगोलाच्या आधारे लिहीत आहे.' शेवटचं वाक्य लिहिल्याशिवाय मला राहवलं नाही.

पत्र गेलं आणि वाट बघणं सुरू झालं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. ती पुन्हा दूध घेऊन यायला लागली होती. रोज दारात पाय ठेवताना आधी माझ्या तोंडाकडं बघायची, मी मान हलवायची, मग ती मापायला बसायची. त्या दिवसांत मीही सोमवार धरला. यांना सांगितलं नाही, पण त्यांना कळलं असणार.

होळीच्या आसपास पत्र आलं. 'जखम भरली. तुझं पत्र मिळालं तेव्हा सूर्य शहाण्यासारखा संध्याकाळी मावळायला लागला होता. तरी सावली बघूनच सोडतो. इथं आखूड सावलीसुद्धा माझ्या तिप्पट लांब असते. ढग असला की मुकादमाला वेळ विचारतो. सगळे हसतात. आता एकत्र जेवतो, खरं ना?'

"खरं," ती पत्राला म्हणाली. मला नाही.

लढाई संपल्यावर, भात कापणीला आला असताना, तो परतला. जरासा लंगडत, अंगात कुणीतरी दिलेला लोकरीचा जाड कोट घालून. महिन्याभरानं मी तिला चिडवलं, "आता काय, रोजच संगं जेवण!"

ती मापटं धुवत होती. "कसलं संगं बाई? त्ये आन मामंजी व्हटीवर. मंग आत्याबाई. मंग मी. तिकडं व्हते तवाच आमी संगं जेवत व्हतो." हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. तसं असतं तर मला सोसलं असतं. त्या दिवशी मी यांचं पान वाढलं आणि यांच्या मागून एकटी जेवायला बसले, तेव्हा मला पहिल्यांदा त्याचा राग आला.

मार्गशीर्षात नव्या भाताच्या जेवणाला त्यांनी मला बोलावलं. वार सोमवार होता. मी आत चुलीपाशी तिच्याजवळ बसले होते. मधे कारवीच्या काटक्यांची कुडाची भिंत, शेणानं सारवलेली, आणि पलीकडं ओटी. सासऱ्याचं जेवण उरकलं, तो हात धुवायला गेला. हिच्या नवऱ्याचं भात वाढलेलं पान दारातून दिसत होतं, पण तो हात लावत नव्हता. सासू दारात उभी राहून म्हणाली, "खा की रं, थंड व्हतंय." तो म्हणाला, "जाऊ दे, मला घाई नाय." सासूनं एकदा त्याच्याकडं आणि एकदा आत सुनेकडं पाहिलं, आणि गोठ्याकडं गेली.

इकडं हिनं स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि कुडाला पाठ लावून बसली. पलीकडं त्याची पाठ असणार. कूड जरासा करकरला. ओटीवरून इर्शाळ समोर दिसतो. तांबडा सूर्य पार सुळक्यापर्यंत उतरत आलेला मी येतानाच पाहिला होता. चुलीपाशी मात्र झरोकासुद्धा नव्हता, नुसता धूर.

थोड्या वेळानं पलीकडून तो हळूच म्हणाला, "मावळला काय गं?"

"मावळला," ती म्हणाली. "जेवा तुमी."

आणि तिनं घास घेतला.