गुलाबी पायांचे साहेब

नोकरीतल्या पुष्कळ घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठली चोरी कुठल्या ठाण्याच्या हद्दीतली, हेही कधीकधी सांगता येत नाही. बेटेगावच्या पुढं अडवलेल्या त्या जीपचं मात्र सगळं लख्ख आठवतं. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता आणि मी त्या भागातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. कोणाचंही नाव लिहिणार नाही. काही माणसं अजून तिथंच राहतात.

त्या दिवशी एक बडे पाहुणे कोनशिला बसवायला येणार होते. आमची एकुलती एक जीप त्यांच्या ताफ्यात सर्वांत मागे धूळ खात फिरत होती आणि निम्मी माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहून रिकाम्या रस्त्याचं संरक्षण करत होती. ठाण्यात मी, एक जुने हवालदार आणि दोन शिपाई एवढेच उरलो होतो. दुपारी आधी सुक्या बोंबलांचा वास आत आला आणि वासामागून डोक्यावर टोपली घेतलेली एक मावशी. समुद्रकाठच्या गावातली, बाजारात सुकी मासळी विकणारी.

"सायेब, पोरगी सोडा."

"कुठली पोरगी, मावशी?"

"आता इचारताय कुठली! आमच्या जीपमधनं उतरवलीत ती. तिचा नवरा तिकडं झाडाखाली बसून हाय. आत यायला भितो."

"आणि तुम्ही?"

"मी पन भिते. पन आले."

तिनं सांगितलं ते असं. बोईसरहून चिल्हार फाट्याकडं जाणारी प्रवासी जीप होती, नेहमीसारखी ठासून भरलेली. बेटेगाव मागं पडल्यावर झाडाखाली एक जीप उभी होती, पुढं 'पोलीस' अशी पाटी. खाकीतल्या माणसानं हात केला. ड्रायव्हर कागद घेऊन उतरला. तेवढ्यात खाकीतले दोघे मागच्या बाजूनं आले, डोंगराकडल्या एका तरुण बाईला म्हणाले, "तू उतर, चौकशी आहे," आणि तिला दंडाला धरून घेऊन गेले. नवरा उठला तर त्याला म्हणाले, "मागं आलास तर तुलाही आत टाकीन." जीपमधलं कोणी काही बोललं नाही. ती जीप निघून गेली, ही जीप निघून गेली. पुढच्या वळणावर मावशी उतरली, नवऱ्याला उतरवलं आणि दोघं उलटी चालत आली.

स्टेशन डायरीत अशा कुठल्याही बाईची नोंद नव्हती. पालघरला आणि शेजारच्या ठाण्यांना वायरलेस केला. कोणीही कोणाला आणलं नव्हतं. खरं सांगायचं तर तोवर मला भीती वाटत होती, ती आमच्याच कोणीतरी तिला नेलं असेल याची. ती भीती गेली आणि तिच्या जागी त्याहून मोठी आली. आमच्या लोकांनी नेली असती तर निदान कोणाला विचारायचं ते ठाऊक होतं. सूर्य मावळायच्या आत ती सापडली नाही तर बहुधा सापडणारच नाही, हे मी कोणाला बोललो नाही.  हवालदारांनी घड्याळाकडे पाहिलं. मी चिल्हारच्या बाजूला आणि किनाऱ्याच्या रस्त्याला नाकाबंदी लावायला सांगितली आणि ड्रायव्हरला आणवलं.

इथं एक प्रथा समजावून सांगायला हवी. पोलिसांनी गाडी थांबवली की साहेब जीपमधून उतरत नसत. ड्रायव्हरनं कागद घेऊन साहेबांच्या जीपपर्यंत चालत यायचं, हात जोडून उभं राहायचं. असा कुठला नियम नव्हता. साहेबांना उन्हात उतरायचा कंटाळा होता आणि त्या कंटाळ्याचं वर्षानुवर्षांत शिष्टाचारात रूपांतर झालं होतं. तेवढा वेळ ड्रायव्हरविना बसलेल्या प्रवाशांना वाली कोणी नसे. ज्यानं ही युक्ती काढली, त्यानं आमचं निरीक्षण आमच्यापेक्षा बारकाईनं केलं होतं.

ड्रायव्हर आला तो कागद पुढं धरूनच.

"कागद कोणी बघितले?" मी विचारलं.

"कोणीच नाय, साहेब."

"माणसं किती भरलीस, ते विचारलं?"

"नाय."

"काही मागितलं?"

"नाय ना! मी आपला हात खिशात घालून उभा. तर हातानंच खुणावलं, जा."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "साहेब, हे आपले नव्हेत."

निष्कर्ष बिनतोड होता. मला त्याचा अभिमान वाटला असं म्हणता येणार नाही.

"साहेब दिसायला कसा होता?"

"बघितलं नाय."

"समोर उभा होतास ना?"

"हो. पन साहेबांच्या तोंडाकडं कसं बघनार? मान खाली घालून उभा व्हतो."

मावशीला विचारलं, तिनंही चेहरे पाहिले नव्हते. पदर ओढून घेतला होता. नवऱ्यानं नाही, कोणीच नाही. जीप भरून माणसं आणि एकाही चेहऱ्याचं वर्णन नाही. हवालदार वैतागून ड्रायव्हरवर ओरडले, "मग खाली बघून काय दिसलं ते तरी सांग!"

"पाय दिसले," ड्रायव्हर म्हणाला. "साहेबांचा एक पाय जीपच्या बाहेर व्हता. चप्पल व्हती, बूट नाय."

"आणि?"

"पाय गुलाबी व्हता. घोट्याच्या वरपर्यंत. मला वाटलं खरूज झाली असंल, औषध लावलंय. साहेबांना असं कसं इचारायचं?"

दाराशी आवाज झाला. झाडाखालचा नवरा केव्हा तरी उंबऱ्यापर्यंत आला होता आणि ऐकत होता. मी त्याला पाणी दिलं. तो प्यायला नाही. पेला बाजूला ठेवून म्हणाला, "तो पिपं धुनारा हाय. आमच्याच ठेकेदाराचा."

पावसाळी शेती संपली की ही जोडी डोंगरातून कामाला खाली उतरत असे. औद्योगिक वसाहतीत कपड्यांचे रंग बनवणारे कारखाने होते. एका ठेकेदारानं त्यांची रिकामी पिपं धुण्याचं काम घेतलं होतं. वसाहतीच्या मागं, कुठल्याही नकाशात नसलेल्या एका शेडमध्ये. तिथल्या टाकीत एक मजूर साफसफाईला उतरला आणि वर आला नाही. ठेकेदारानं सगळ्यांना सांगितलं, तो गावी गेला. या बाईनं त्याला टाकीतून बाहेर काढताना पाहिलं होतं आणि ती पाण्याच्या नळावर चार बायकांना म्हणाली होती, "तो गावी नाय गेला. तो मेला." त्याच संध्याकाळी कोणीतरी नवऱ्याच्या कानात सांगितलं, बायकोला आवर. दोघं सामान बांधून घरी निघाली, ती वाटेत अडवली गेली.

"हे आधी का नाही सांगितलंस?" हवालदारांनी विचारलं.

नवऱ्यानं त्यांच्या खाकीकडं बघितलं. "तुमीच नेली ना तिला."

शेड दाखवायला यायला तो तयार नव्हता. म्हणाला, "नाल्याकडनं जा. पानी गुलाबी असंल तिथवर जा."

आमच्याकडं गाडी नव्हती, ते बरंच झालं. गाडीचा आवाज त्यांनी लांबून ऐकला असता. मी, हवालदार आणि दोन शिपाई नाल्याच्या काठानं चालत निघालो. त्या भागात कारखान्यात काय शिजतं ते नाल्यावरून कळायचं. पहिल्यांदा पाणी पिवळं होतं, मग काळसर, मग एका फाट्यावर गुलाबी धार येऊन मिळत होती. आम्ही त्या धारेला लागलो. वासानं डोळ्यांतून पाणी येत होतं.  ती गुलाबी धार सारखी पातळ होत चालली होती आणि माझ्या मनात एकच विचार येत होता, की पिपं धुवायचं काम आज बंद का केलं असेल? मागं वळून पाहिलं तर मावशी. टोपली ठाण्यात ठेवून आली होती.

"परत जा," मी हळू आवाजात म्हणालो.

"पोरगी बघितल्याबिगर नाय जायची."

शेडच्या मागं जीप उभी होती. 'पोलीस' पाटी उलटी करून आत टाकलेली. बाहेर पिपावर एक माणूस विडी ओढत बसला होता. भरघोस मिशा, चांगलं सुटलेलं पोट, अंगात नाटक कंपनीतला असावा तसा खाकी सदरा आणि खाली गुलाबी पाय. मला पाहताच तो उठला आणि त्यानं मला कडक सलाम ठोकला.

"मेरा कुछ नहीं साब," तो म्हणाला. "मेरे को बोला, जीप में बैठने का, बात नहीं करने का. मैं बैठा. सब लोग नमस्ते करके गया."

त्याला ठेकेदारानं मिशा आणि पोट पाहून निवडलं होतं. फौजदार म्हणून खपायला एवढं पुरलं. बूट त्याच्या मापाचे मिळाले नव्हते. बाकीचे दोघे जीपच्या आडोशाला सापडले, झटापट फार झाली नाही. त्यांच्याकडून ठेकेदाराचा ठावठिकाणा मिळाला आणि तोही दुसऱ्या दिवशी हाती लागला. अंधार पडल्यावर बाईला कुठं न्यायचं ठरलं होतं ते त्यानं पुढं चौकशीत सांगितलं. ते इथं लिहीत नाही.

शेडची कडी मी स्वतः काढली. आत रिकाम्या पिपांची भिंत होती आणि तिच्या सांदीत ती बाई. जिवंत होती. दार उघडल्यावर तिनं माझ्या अंगावरची खाकी पाहिली आणि अशी मागं सरकली, की वरची पिपं गडगडत खाली आली. ती हाताची नखं पत्र्यात रुतवून बसली. मी बाहेर आलो आणि मावशीला आत पाठवलं.

त्या बाईचा जबाब घ्यायचा होता. ती ठाण्यात यायला तयार नव्हती आणि कायदा तिच्याच बाजूनं होता. साक्षीदार बाईला ठाण्यात बोलवायचं नसतं, ती राहते तिथं जाऊन विचारायचं असतं. "माझ्या घरी न्या," मावशी म्हणाली. पोलिसांच्या कुठल्याही गाडीत ती बाई बसली नसती, म्हणून त्याच ड्रायव्हरची जीप घेतली आणि तिच्या नवऱ्यालाही बसवलं. पुढची सीट मावशीच्या टोपलीनं अडवली. मी मागं, प्रवाशांत बसलो. ड्रायव्हरनं सवयीनं वाटेत आणखी माणसं भरली. मी काही म्हणालो नाही. माझ्या मांडीवर कोणाचं तरी गाठोडं होतं.

किनाऱ्याच्या रस्त्यावर आमच्याच नाकाबंदीनं आम्हाला अडवलं. ड्रायव्हर कागद घेऊन खाली उतरला. जीपमधल्या गप्पा थांबल्या. मागच्या बाजूनं बुटांचा आवाज जवळ आला आणि कोणीतरी दरडावलं, "ए, सगळे खाली उतरा!" मी त्या माणसाचा साहेब होतो. तरी मी गाठोडं सावरत उतरायला उठलो. समोर ती बाई डोळे मिटून मावशीच्या पदरात शिरली होती.

शिपायानं मला पाहिलं आणि टाचा जुळवल्या. तेव्हा त्या बाईनं मावशीला अगदी हळू विचारलं, "ह्यो खरा हाय का?"

मावशीनं माझ्याकडं बघितलं. मी शिपायाला म्हणालो, "सांगा त्यांना. नाव आणि बक्कल नंबर."

"हिला सांगू, साहेब?"

"हो, यांना."

त्यानं नाव आणि पट्ट्यावरचा तो नंबर शाळेतल्या पोरासारखा सांगितला. बाईनं एक डोळा उघडला. "परत सांगा."

त्यानं परत सांगितलं.

त्या संध्याकाळी मावशीच्या ओटीवर तिनं जबाब दिला. टाकी, दोरी, वर काढलेला माणूस, त्याच्या अंगाचा रंग, सगळं. पुढं कोर्टातही ती त्यापासून हलली नाही. ठेकेदाराला शिक्षा झाली. टाकीतला माणूस गावी गेला नव्हता, हे सरकारी कागदावर आलं ते तिच्यामुळं.

निवृत्तीनंतर लोक मला विचारतात, पोलिसांनी वाटेत गाडी थांबवली तर प्रवाशानं काय करावं. कागद दाखवणं ड्रायव्हरचं काम आहे, तुमचं नाही. तुम्हाला उतरायला सांगितलं तर कशासाठी ते विचारता येतं. नाव आणि बक्कल नंबर विचारता येतो. कुठल्या ठाण्यात नेणार तेही विचारता येतं आणि खऱ्या पोलिसाला त्याचं उत्तर द्यावं लागतं. घाबरू नका, असं मात्र मी कोणाला सांगत नाही. रस्त्यावर खाकीनं हात केला की भीती वाटतेच, मला स्वतःला वाटली. घाबरत घाबरत विचारलं तरी चालतं. त्या बाईनं तसंच विचारलं होतं.