दातांनी ऐकणारा

दिलीप सोमकुंवरला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो गिटार चावत होता.

पांढुर्ण्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. जळलेले पंप लोक त्याच्याकडे आणून टाकत आणि तो आतली काळी पडलेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळून देई. आमच्या घरच्या पंपानं ऐन मे महिन्यात मान टाकली म्हणून मी तिथे गेलो. वीज गेलेली होती. चाळिशीचा एक माणूस स्टुलावर बसला होता. मांडीवर इलेक्ट्रिक गिटार, तिचा शिंगासारखा वर आलेला लाकडी कोपरा दातांत घट्ट धरलेला, डोळे मिटलेले, आणि बोटं तारांवरून पळत होती. आवाज म्हणाल तर डब्यात चार खिळे हलवल्यासारखा.

मी खाकरलो. त्यानं दात सोडले, कोपरा शर्टाला पुसला.

"बसा न सर. लाइन गेली, म्हून हे करून राहिलो."

"दातांनी?"

"लाइन नसली की हिचा आवाज बाहेर येत नाही. पण लाकडात राहते तो. दात लावला की सरळ डोक्यात जाते. पाह्यता काय लावून?"

मी कॉलेजातून नुकताच निवृत्त झालेला प्राध्यापक होतो आणि रस्ता वाहता होता. मी नको म्हणालो. त्याला त्यात काही वाटलं नाही. कारागीर मंडळी मोटरीचं बेअरिंग तपासायला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावतात. हा तीच मूठ दातांत धरी. त्याच्या हिशेबी कान हे दुय्यम इंद्रिय होतं.

हे खूळ रामाकोन्याचं, त्याच्या मूळ गावचं. लहानपणी तिथे छोट्या लाइनीची, म्हणजे नॅरोगेजची, गाडी येई. आता ती लाइन उखडून मोठी झाली. गाडी दिसायच्या कितीतरी आधी पोरं रुळाला कान लावून ती ऐकत. बाकीची पोरं गाडी आली की उठून ओरडत. दिलीप गाडी गेल्यावरही रुळाला कान लावून पडून राही. "जाताना जास्त चांगली वाजते सर ते," तो म्हणे. "येताना नुसता गोंधळ. गेल्यावर रूळ एकटाच बोलून राहते, मंग बारीक होत होत जाते. कुठं संपलं ते समजत नाही."

पुढे सौसरला वाइंडिंग शिकताना उस्तादाच्या दुकानात त्याला एक परदेशी कॅसेट सापडली. तिच्यात नुसती गिटार, ड्रम आणि बास. गाणारा कोणी नाही. दिलीप तीन दिवस गायक सुरू होण्याची वाट पाहत होता. चौथ्या दिवशी त्याला कळलं की कोणी येणार नाही, आणि तेव्हापासून त्याला गाणाऱ्या माणसांची गरज उरली नाही. एक मोडकी गिटार त्यानं नागपूरहून आणली. तिच्यातला आवाज पकडणारा चुंबक मेला होता. यानं केसासारखी बारीक तार हातानं हजारो वेढे देऊन गुंडाळली आणि तो जिवंत केला. जुन्या रेडिओच्या पोटातून अॅम्प्लिफायर बनवला. तिच्यातून असा आवाज निघे की शेजारचा संत्र्यांचा व्यापारी येऊन विचारी, "दिल्या, मोटर जळली काय बे?"

गावाचं त्याच्याशी वैर नव्हतं. गावाला फक्त एक प्रश्न होता: गाणं कोण म्हणते? गणपतीच्या मंडळानं विचारलं, जयंतीच्या मिरवणुकीत विचारलं, लग्नाच्या ऑर्केस्ट्रानं विचारलं. त्यानं स्वतः वाजवल्याचा व्हिडिओ मोबाइलवर टाकला, त्याखाली कोणीतरी लिहिलं, "भाऊ, गाणं किती मिनिटाला सुरू होते?" हे त्यानं मला हसत दाखवलं. त्याची बायको सुनंदा चहा ठेवत म्हणाली, "बराबर तर पुसते तो. मी बी बारा वर्सं वाट पाहूनच राहिली."

त्याची स्वतःची एकच रचना होती. नाव 'छोटी लाइन', लांबी अकरा मिनिटं. सुरुवातीला पूल, मग चढ, मग स्टेशनातला गोंधळ. आणि शेवटच्या मिनिटात गाडी गेल्यावरचा रूळ. ते शेवटचं मिनिट त्यानं नऊ वर्षं घासलं होतं. इतकं बारीक होत जाणारं की पंखा चालू असला तरी हरवावं. दुकानात ते कधी पुरं होत नसे. कोणीतरी पंप घेऊन येई, नाहीतर मालगाडी जाई. त्याला नाव नको होतं, बिदागी नको होती. "एकडाव कोणीतरी पुरं ऐकावं सर," तो म्हणाला. "शेवटापर्यंत. मंग मी वाइंडिंग करतो गुमान."

मी म्हणालो, मी ऐकेन. आणि व्यवस्था करेन असंही म्हणालो. सेवानिवृत्त प्राध्यापकाला व्यवस्था करण्याची फार हौस असते.

पांढुर्णा जिल्हा झाला त्या आनंदात गावात सोहळ्यांची साथ आली होती. अशाच एका समितीत माझी ओळख होती. मी दिलीपचं नाव सुचवलं. अध्यक्षांनी विचारलं, "गाणार कोण?" मी म्हणालो, कोणी नाही, तो वाजवणार. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली आणि कार्यक्रमपत्रिकेत छापलं: 'गिटार व गीत'.

त्या संध्याकाळी दिलीप इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. सुनंदा दुसऱ्या रांगेत बसली. मी पहिल्या रांगेत होतो, आणि माझ्या खुर्चीवर 'ज्येष्ठ साहित्यिक' असा कागद चिकटवलेला होता. आयुष्यात मी दोन लेख छापले होते, त्यातला एक खतांच्या वापरावर. दिलीपनं सुरुवात केली. पूल झाला. लोक शांत होते, पण ती शांतता ऐकणाऱ्यांची नव्हती, वाट पाहणाऱ्यांची होती. चौथ्या मिनिटाला निवेदक माइकवर आला.

"मंडळी, आपले कलाकार सूर लावून राहिले आहेत. गाण्याला अजून अवकाश दिसते. तंवर आपण सत्कार आटपून घेऊ. दिलीपभाऊ, मागं हलकं हलकं चालू ठेवा."

दिलीप थांबला नाही. मला वाटतं, थांबला असता तर परत सुरू करता आलं नसतं. शाल, श्रीफळ, शाल, श्रीफळ. अकरा मिनिटांच्या रचनेत सात मिनिटं सत्काराची गेली. मी खाली मान घालून गिटार ऐकण्याचा प्रयत्न करत होतो, आणि शेवटचं मिनिट सुरू झालं हे मला कळलंही. बरोबर तेव्हाच माझं नाव पुकारलं गेलं.

बसून राहता आलं असतं. आज हे लिहिताना किती सोपं वाटतं. पण आपल्याकडे नाव पुकारल्यावर न उठणं म्हणजे सभेच्या थोबाडीत मारणं, आणि थोबाडीत मारण्याइतकं धैर्य मला शिक्षण खात्यानं कधी शिकवलं नव्हतं. मी उठलो. दिलीपच्या अगदी पाठीमागून मंचावर गेलो, शाल घेतली, नारळ घेतला. टाळ्या वाजल्या. टाळ्या विरल्या तेव्हा त्याचा हात तारांवर आडवा पडलेला होता.

नंतर मांडवाच्या मागे तो वायर गुंडाळत होता.

"सर, शेवट ऐकला काय?"

"ऐकला."

"मंग सांगा, कुठं संपला?"

मी नारळ या हातातून त्या हातात घेतला. तो हसला. रागानं हसला असता तर बरं झालं असतं.

"नारळ सांभाळा," तो म्हणाला. "पडन."

पुढच्या लग्नसराईत तो धुमाल पार्टीत गेला. आमच्याकडे वरातीपुढे ट्रक चालतो, त्यावर भिंतीसारखे भोंगे लावलेले, वर बेंजो, ढोल आणि ताशे. गाणारा नसतो. "तिथं कोणी पुसत नाही सर, गाणं कोण म्हणते म्हून," त्यानं मला समजावलं. "नुसतं वाजवणं. माह्यासारख्याची जागा तेच होय." मी त्याला अडवलं नाही. कोणत्या तोंडानं अडवणार?

बेंजोच्या जागी गिटार आणि कानापासून दोन हातांवर भोंगा. सौसर, जामसांवली, पार सीमेपर्यंत तो वाजवत फिरला. पांढुर्णा कापसाचं गाव, कानात घालायला कापूस कमी नव्हता. पण कापूस घातला की आपल्याच तारा ऐकू येत नाहीत म्हणून तो घालत नसे. दुसऱ्या मोसमाच्या शेवटी सुनंदा माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, यायले हाक मारली की पाह्यत नाहीत. मले वाटे, रुसून राहिले. मी बी रुसली. आठ दिवस आमी दोघं रुसूनच होतो. आता समजलं, ऐकूच येऊन नाही राहिलं."

नागपूरच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं की आतल्या शिरा गेल्या, त्या परत येत नाहीत. दिलीपनं त्याला कागदावर लिहून विचारलं: दातातून? डॉक्टरला प्रश्नच समजला नाही. घरी येऊन दिलीपनं स्वतः करून पाहिलं. नंतर मला सांगितलं, मोठ्या आवाजात, कारण आता त्याला स्वतःचा आवाज मोजता येत नव्हता: "लाकूड थरथरते सर. दाताले लागते. पण वाजत नाही. दात दुखल्यावानी लागते नुसतं."

गेल्या पावसाळ्यानंतर एका दुपारी तो गिटार घेऊन घरी आला. अॅम्प्लिफायर त्यानं धुमालवाल्यालाच देऊन टाकला होता. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"तुमी ऐकतो म्हणले होते. मले आता येत नाही ऐकू. तुमी तरी ऐका. पुरं."

तो वाजवू लागला. खिळ्यांचा डबा. त्यापलीकडे मला काही ऐकू येईना. पूल कुठे, चढ कुठे, काही नाही. त्यालाही ते माहीत होतं. त्यानं गिटारीचा कोपरा माझ्याकडे पुढे केला. त्यावर त्याच्या दातांच्या खुणा होत्या, वीस वर्षांच्या, लाकूड पांढरं पडलेलं. "दात लावा सर."

माझी वरची कवळी आहे, ती काढावी लागली असती. सून दारात उभी होती. मी हातानंच नको म्हणालो आणि कानाकडे बोट करून खुणावलं, येतं ऐकू.

त्यानं कोपरा परत घेतला. त्यानंतर तो तारांकडे पाहत नव्हता, माझ्या तोंडाकडे पाहत होता. जे त्याला ऐकू येत नव्हतं ते तो माझ्या चेहऱ्यावर शोधत होता, आणि मी आयुष्यभर सभांमध्ये कमावलेला चेहरा त्याला दाखवत होतो. मान डोलावली. डोळे मिटले. हळूहळू खिळ्यांची टिकटिक मंदावली आणि थांबली. मी डोळे उघडले, "वा" म्हणालो आणि टाळ्या वाजवल्या.

त्याचं बोट अजून तारेवर होतं. हलत होतं, अगदी थोडं.

त्यानं माझे हात पाहिले. मग बोट उचललं.

"अजून होतं, सर," तो म्हणाला. नेहमीसारखं मोठ्यानं नाही. हळू म्हणाला, जणू त्याला ऐकू येत होतं.

मागच्या महिन्यात पंप पुन्हा जळला. दुकान चालू आहे. मोटर दुरुस्त झाली की तो आता तिच्यावर पंजा ठेवून पाहतो आणि मान हलवतो. गिऱ्हाइकं म्हणतात, पहिल्यापेक्षा काम चोख झालं. भिंतीवर गिटार टांगलेली आहे, तारा काढलेल्या. तो पाठमोरा असताना मी जवळ जाऊन कोपऱ्यावरच्या खुणांवर बोट फिरवलं. दुकानात कोणी नव्हतं, कवळी काढून खालचे दात लावायला हरकत नव्हती. पण आता त्या लाकडात काही नव्हतं.